दिवाणाखाली गेलेला फासा

आमच्या आईचा सारीपाट तिच्या रुखवतातला आहे. जाड मांजरपाटावर लाल-हिरव्या दोऱ्याने भरलेल्या चार पट्ट्या, मधोमध घर, कडेला खणाची किनार. सोंगट्यांचा रंग जागोजागी उडाला आहे, पण तिन्ही फासे अजून शाबूत आहेत. बोटाएवढे लांब, कांडीसारखे, चार बाजूंचे. एका बाजूला एक ठिपका आणि त्याच्या पाठीला सहा. उरलेल्या दोन बाजूंना दोन आणि पाच. तीन आणि चार या फाशांवर नाहीतच. काही घरांत ठिपक्यांची रीत निराळी असते, आमच्याकडे ही.

यंदा उन्हाळ्यात नागपूरहून भाची आली आणि रोज दुपारी पाट पसरला जाऊ लागला. रायपूरच्या मे महिन्यात जेवणानंतर दुसरं काही सुचतही नाही. खिडकीत कूलर, समोर चटई, चटईवर आई. अशाच एका दुपारी आईने फासे दोन्ही तळहातांत घोळवले आणि टाकले. दोन पाटावरच थांबले, दोन्हींवरही सहा. तिसरा फरशीवर टणटणत गेला तो थेट दिवाणाखाली. आई बसल्या जागेवरून ओरडली, "पौबारा!"

"आजी, अजून तिसरा दिसलाय कुठे?" म्हणत भाची पालथी पडून दिवाणाखाली हात घालू लागली.

"काढू नकोस," मी म्हटलं. "आधी सांग, तिथे पौ, म्हणजे एक, असण्याची शक्यता किती?"

"चारात एक. बाजूच चार आहेत ना, मावशी."

बरोबर होतं. फासा निघाला तेव्हा त्यावर पाच होते, आईचा पौबारा हुकला आणि डाव पुढे गेला.

त्याच रात्री वीज गेली. अंधारात खेळ थांबवायला आई तयार नव्हती. तिने दान टाकलं, फाशांवर हात ठेवला, मोबाइलच्या उजेडात स्वतः तेवढं पाहून घेतलं आणि भाचीला म्हणाली, "यात निदान दोन तरी सहा आहेत. पौबारा आहे की नाही, सांग." भाचीने दुपारचंच उत्तर दिलं, चारात एक. मी म्हटलं, "आता दहात तीन." तिला ते मुळीच पटलं नाही. दोन सहा तेव्हाही होते, दोन सहा आत्ताही आहेत; उरला तो एक फासा आणि त्याच्या चार बाजू. मग उत्तर बदलेल कसं? वीज परत आली, आईने हात उचलला, तरी आमचा वाद चालूच राहिला. पुढचे चार दिवस तो चालला, आणि त्यातून जे हाती आलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी शब्दाबद्दल थोडं. पौ म्हणजे एक, आणि दोन सहा मिळून बारा. म्हणून सहा-सहा-एक हे दान पौबारा. मराठीत यावरून 'पोबारा करणे' आलं, म्हणजे पळ काढणं. आमच्या शेजारचे हिंदी बोलणारे 'पौ बारह हो गए' म्हणतात, तेव्हा नशीब उघडलं असा अर्थ होतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यात दोन्ही अर्थ एकाच ओट्यावर ऐकू येतात. पारा हा छत्तीसगढी शब्द, म्हणजे वस्ती, मोहल्ला. आणि आधी तात्या. नावातच दोन भाषा नांदतात. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरच्या गादीवर आले आणि नागपूरकरांचा अंमल इथे १८५४ पर्यंत राहिला. त्या काळापासून मराठी घरं या भागात रुजत गेली. माधवराव सप्रे याच रायपुरात राहिले आणि १९२६ मध्ये इथेच वारले. टिळकांचं गीतारहस्य, रामदासांचा दासबोध आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरचा ग्रंथ हिंदीत नेणारा हा माणूस घरात मराठी बोलत होता. महाभारताकडे मी पुढे वळणार आहेच, फाशांचं बोलणं त्याच्याशिवाय पुरं होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाशांना दोरे बांधले. एकाला लाल, एकाला हिरवा, तिसरा मोकळा. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट निम्मं काम करून जाते. फासे दिसायला सारखे असले तरी ते तीन निरनिराळे फासे आहेत, आणि लालवर एक व हिरव्यावर सहा हे दान लालवर सहा व हिरव्यावर एक यापेक्षा वेगळं आहे. दोरे बांधले की हे डोळ्यांना दिसतं. प्रत्येक फाशाच्या चार बाजू, फासे तीन, म्हणजे एकूण दानं चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट. फासे नेकीचे असतील तर ही चौसष्टही दानं सारख्याच शक्यतेची. त्यांत पौबारा किती? एकटा पौ लालवर पडेल, नाहीतर हिरव्यावर, नाहीतर मोकळ्यावर. तीन. तेव्हा काहीच माहीत नसताना पौबाऱ्याची संभाव्यता ६४ पैकी ३, शेकडा पाचाहून थोडी कमी.

आता कुणीतरी बातमी आणून देतं. 'निदान एक सहा आहे' अशी बातमी आली, तर ज्या दानांत एकही सहा नाही ती सगळी बाद. तशी तीन गुणिले तीन गुणिले तीन म्हणजे २७ आहेत. उरली ३७, आणि पौबाऱ्याची तिन्ही दानं त्यांत शाबूत. संभाव्यता ३७ पैकी ३, शेकडा आठ. 'निदान दोन सहा आहेत' अशी बातमी आली तर आणखी चाळण होते. सहा-सहा-एक अशी तीन, सहा-सहा-दोन अशी तीन, सहा-सहा-पाच अशी तीन, आणि तिन्ही सहा असं फक्त एक. एकूण दहा. त्यांत पौबारा तीन. आईने अंधारात जी बातमी दिली तिचं उत्तर हे, दहात तीन.

आणि दुपारची बातमी? दोरे तेव्हाही होते असं समजू. दुपारी नेमके लाल आणि हिरवा हे दोन फासे पाटावर सहा दाखवत होते, दिवाणाखाली गेला होता तो मोकळा. चौसष्टांपैकी लाल सहा आणि हिरवा सहा अशी दानं चारच उरतात, मोकळ्याच्या चार बाजूंसाठी चार. त्यांत पौबारा एक. चारात एक.

फरक कुठे पडला ते आता दिसतं. दुपारच्या चार दानांत 'तिन्ही सहा' चा वाटा एक चतुर्थांश आहे. रात्रीच्या दहा दानांत त्याच 'तिन्ही सहा' चा वाटा फक्त एक दशांश, कारण ते दान एकाच तऱ्हेने पडू शकतं, तर बाकीची प्रत्येकी तीन तऱ्हांनी. 'कुठले तरी दोन' आणि 'हे दोन' या दोन बातम्या कानाला सारख्या लागतात, पण त्या चौसष्ट दानांच्या अंगणात दोन निराळ्या रेघा ओढतात. सशर्त संभाव्यता एवढीच आहे. अट लागली की अंगण लहान होतं, आणि मोजणी त्या लहान अंगणात नव्याने करायची. पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं: दोन्ही गोष्टी जिथे घडतात ती दानं मोजा आणि अट पुरी करणाऱ्या दानांच्या संख्येने भागा. सूत्र पाठ असूनही बारावीतली भाची अडली, कारण भागायचं कशाने हे तिने बातमी नीट न ऐकताच ठरवून टाकलं होतं.

शाळेत हेच दोन साध्या सहा बाजूंच्या फाशांवर शिकवतात. छत्तीस दानं, निदान एक सहा असलेली अकरा, दोन्ही सहा असलेलं एक. म्हणून 'निदान एक सहा आहे' असं कळल्यावर दोन्ही सहा असण्याची संभाव्यता ११ पैकी १, आणि 'पहिला फासा सहा आहे' असं कळल्यावर ६ पैकी १. मुलं हे उत्तर परीक्षेत लिहितात आणि मनात मात्र त्यांना ते खोटंच वाटत राहतं. तसं वाटलं की टाकून पाहावं, दुसरा इलाज नाही.

आम्ही टाकून पाहिलं. शंभरपानी वही, तीन रकाने, वर लाल, हिरवा, मोकळा. आई टाकणार, भाची लिहिणार. ज्या ओळीत निदान दोन सहा असतील तिच्यापुढे टिंब, आणि टिंबाच्या ओळीत पौबारा असेल तर गोल. शेवटी गोलांना टिंबांनी भागायचं. आईने पहिल्या दिवशी पाचशे दानं टाकली आणि मनगट चोळत उठली. भाची उत्तर काढायला बसली तेव्हा मी तिला थांबवलं आणि आधी कागदावर एक हिशोब करायला सांगितला.

पाचशे दानांतली अटीत बसणारी सरासरी किती? चौसष्टात दहा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. बाकी चारशे बावीस ओळी लिहिल्या त्या अटीच्या दृष्टीने वाया. उरलेल्या अठ्ठ्याहत्तरांत दहात तीन या दराने पौबारा तेवीस-चोवीस यावेत. चारात एक या दराने एकोणीस-वीस. म्हणजे आमच्या भांडणाचा निकाल जेमतेम चार गोलांच्या फरकावर. आणि अठ्ठ्याहत्तर वेळा टाकलेल्या फाशाची आपसूक होणारी डळमळ किती असते? तीही चारच्या आसपास. ती अशी काढतात: दानांची संख्या, घडण्याची संभाव्यता आणि न घडण्याची संभाव्यता यांचा गुणाकार, आणि त्याचं वर्गमूळ. ७८ गुणिले ०.३ गुणिले ०.७ म्हणजे सोळाच्या थोडं वर, वर्गमूळ चार. जेवढा फरक मोजायचा तेवढीच डळमळ असेल तर त्या मोजणीवरून कुणाचंच खरं-खोटं ठरत नाही. आईचं मनगट दुखलं ते खरं, पण पाचशे दानं या प्रश्नाला थोडी होती.

पन्नास हजार दानं टाकली तर? अटीत बसणारी ७,८१२. त्यांत एका मताने २,३४४ पौबारा, दुसऱ्या मताने १,९५३. फरक ३९१ चा आणि डळमळ फक्त चाळीसची. आता निकाल लागतो. दानं शंभरपट केली की डळमळ दहापटच वाढते. फरक मात्र शंभरपट वाढतो. ही वर्गमूळाची चाल समजली की किती वेळा टाकून पाहावं हे अंदाजाने ठरवायला लागत नाही.

हाताने इतकं टाकणारी माणसंही होऊन गेली. इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १८९४ मध्ये बारा-बारा फासे एकदम टाकून २६,३०६ खेपांची नोंद केली. एकूण ३,१५,६७२ फासे. पाच किंवा सहा पडणं म्हणजे तीनात एक, म्हणजे १,०५,२२४ वेळा पडायला हवं होतं; पडलं १,०६,६०२ वेळा. जादा १,३७८. या मोजणीची डळमळ दोनशे पासष्टच्या आसपास, म्हणजे ही वाढ तिच्या पाचपट. फासेच तिरपे होते. ठिपके कोरून काढलेल्या फाशात सहाच्या बाजूचा माल जास्त खरवडला जातो, ती बाजू हलकी राहते आणि वर येते, असं त्याचं कारण सांगतात. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये आपली काय-वर्ग कसोटी मांडताना याच आकड्यांचा उपयोग केला. आईचे फासे हाताने घासलेले आहेत आणि दोन-पाचच्या बाजू निरखून पाहिल्या तर किंचित रुंद आहेत. ते खरोखर नेकीचे आहेत का, हा वेगळाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर चौसष्टच्या मोजणीतून कधीच मिळणार नाही. ते फक्त टाकूनच कळेल.

संध्याकाळी भाचीने लॅपटॉप उघडला. स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने, प्रत्येक चौकटीत एक, दोन, पाच, सहा यांतला कुठलाही एक आकडा यादृच्छिकपणे पडेल असं सूत्र, आणि ते पन्नास हजार ओळींपर्यंत खाली ओढलेलं. मग तिने चाळणी लावली आणि विजयाने माझ्याकडे पाहिलं. उत्तर पंचवीस टक्क्यांच्या जवळ आलं होतं. तिचंच म्हणणं खरं! मी चाळणीची अट पाहिली. तिने लिहिलं होतं: पहिला रकाना सहा, दुसरा रकाना सहा. म्हणजे तिने संगणकाला रात्रीचा प्रश्न विचारलाच नव्हता, दुपारचा विचारला होता, आणि त्याने दुपारचं उत्तर चोख दिलं होतं. ओळीत सहा किती ते मोजणारा चौथा रकाना तिने केला आणि 'तो आकडा दोन किंवा अधिक' अशी चाळणी लावली. आता पुन्हा पुन्हा आकडे नव्याने पाडले तरी उत्तर बहुतेक वेळा २९ आणि ३१ टक्क्यांच्या मध्येच पडत राहिलं. ती बराच वेळ गप्प बसून एकदा ही चाळणी लावत होती, एकदा ती.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा क्षण तो वाटतो. यंत्राने टाकलेली दानं दोन्ही वेळा सारखीच होती. अट लिहिताना एक शब्द बदलला आणि जग बदललं. यंत्राकडून दानं टाकून घेण्याची ही रीतही एका खेळातूनच आली. गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम १९४६ मध्ये आजारातून उठताना एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत बसले होते. डाव सुटण्याची संभाव्यता कागदावर काढता येईना, तेव्हा शंभरदा मांडून पाहावं आणि सुटलेले डाव मोजावेत, असं त्यांच्या मनात आलं. तिथून लॉस अलामॉसमध्ये फॉन नॉयमन यांच्यासोबत मॉन्टे कार्लो पद्धत उभी राहिली. आज हवामानापासून औषधांपर्यंत ती वापरतात. पण तिचाही सगळा भार चाळणीतल्या त्या एका वाक्यावरच असतो.

नमुन्यावरून सगळ्याचा अंदाज बांधण्याची ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिची गोष्ट आपल्या वाटेवरची आहे. वनपर्वातल्या नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण अयोध्येहून विदर्भाला निघाला आहे, दमयंतीच्या माहेरी. सारथी बाहुक म्हणजे वेष पालटलेला नल, फाशांत राज्य हरून बसलेला. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण धावत्या रथातून त्याच्या दोन फांद्यांवरची पानं आणि फळं किती ते सांगतो. फळांचा आकडा दोन हजार पंच्याण्णव. नलाला खरं वाटत नाही. तो रथ थांबवून मोजतो आणि आकडा तंतोतंत निघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो, फाशांची विद्या, आणि बदल्यात नल घोड्यांची विद्या देऊ करतो. झाड बेहड्याचंच का, याचं उत्तर फाशांतच आहे: वेदकाळी फासे म्हणून बेहड्याच्या बियाच टाकत. विदर्भापासून छत्तीसगढपर्यंतच्या जंगलांत हे झाड आजही भरपूर आहे, त्रिफळ्यातला एक वाटा त्याचाच. मोजणीचं ज्ञान आणि फाशांचं ज्ञान ही एकच विद्या आहे, हे त्या कथाकाराला ठाऊक होतं. आईला ही गोष्ट पाठ आहे, पण ती आजवर ती नलाच्या हालांची गोष्ट म्हणून सांगत आली होती.

चार बाजूंचा आणखी एक फासा या मुलखात घरोघरी पडत असतो. त्याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

सिकलसेल छत्तीसगढात आणि विदर्भात अनोळखी नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो, आणि तेवढ्याने तांबड्या पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं दुखतात, रक्त कमी होतं, ताप धरतो. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असेल तो वाहक. इकडे त्याला एएस म्हणतात. त्याला सहसा काही त्रास नसतो, उलट मलेरियाच्या मुलखात थोडं संरक्षणच मिळतं, म्हणून हे जनुक इथे टिकून राहिलं. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तो एसएस, म्हणजे रुग्ण.

आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी एक फासा पडतो, अगदी आमच्या आईच्या फाशासारखा, चार बाजूंचा. सहा पडला तर रुग्ण. दोन किंवा पाच पडला तर वाहक; दोन बाजू, कारण बदललेली प्रत आईकडून येईल नाहीतर वडिलांकडून. पौ पडला तर दोन्ही प्रती चांगल्या. सहाव्या मुलाच्या वेळीही फासा नवाच असतो, आधीचं त्याला काही आठवत नाही. 'चारात एक' म्हणजे चार मुलांत एक ठरलेलं, असं समजून पहिल्या आजारी मुलानंतर निर्धास्त होणारे लोक आहेत. ही समजूत मोडायलाच हवी.

आता समजा एका घरात धाकटा भाऊ रुग्ण आहे आणि वीस वर्षांची मोठी बहीण ठणठणीत आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण निम्मी म्हणतात, चारात दोन बाजू म्हणून. पण ती रुग्ण नाही हे आपल्याला माहीत आहे. सहाची बाजू बाद झाली. उरल्या तीन, त्यांत वाहकाच्या दोन. तीनात दोन. दिवाणाखालच्या फाशाची जी रीत तीच इथली.

पुढे जाऊ. अशा चोवीस बहिणी डोळ्यांसमोर आणा. सोळा वाहक, आठ मोकळ्या, पण कोण कोणती ते कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांची लग्नं वाहक मुलांशी झाली. मोकळ्या आठजणींना रुग्ण मूल होणारच नाही. वाहक सोळाजणींपैकी चौघींचं पहिलं मूल रुग्ण निघेल, बाराजणींचं नाही. तेव्हा पहिलं मूल रुग्ण नसलेल्या वीसजणी, त्यांत वाहक बारा. शक्यता तीनात दोनवरून पाचात तीनवर आली. दुसरंही मूल रुग्ण नसेल तर बारांतल्या नऊ उरतात, आणि त्या आठ आहेतच: सतरात नऊ, निम्म्याहून अजूनही जास्त. दोन निरोगी मुलं पदरात असूनही ही बाई बहुधा वाहकच आहे. प्रत्येक बातमीनंतर अंगण पुन्हा आखायचं, ही रीत थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये रिचर्ड प्राइस यांनी छापवून आणला. विसाव्या शतकात हा विचार नेटाने पुढे नेणाऱ्या हॅरल्ड जेफ्रीज यांचे केंब्रिजमधले एक विद्यार्थी कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक.

त्या बहिणीने मात्र या हिशोबावर विसंबून राहू नये. रक्ताचा थेंबभर नमुना, सोल्युबिलिटी चाचणी, आणि ती होकार देत असेल तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, एवढ्याने 'तीनात दोन' चं 'हो' किंवा 'नाही' होतं. दिवाणाखाली हात घालून फासा बाहेर काढता येत असेल तर काढावा. हिशोब कशासाठी? ती चाचणी किती निकडीची आहे हे घरच्यांना कळावं यासाठी.

भाची परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिला एक शेवटचं कोडं घातलं. वाहक आईवडिलांची, दोन-दोन मुलं असलेली घरं घे. दवाखान्यात जी घरं येतात त्यांच्यापुरती मोजणी केली, तर मुलांत रुग्ण किती दिसतील? तिने या वेळी उत्तर तोंडावर फेकलं नाही. फक्त लाल आणि हिरवा फासा घेतला, लाल थोरलं मूल, हिरवा धाकटं. सोळा दानं कागदावर मांडली. मग म्हणाली, "पण मावशी, दवाखान्यात घर केव्हा येतं? निदान एक मूल आजारी असेल तेव्हाच ना?" आणि तिने एकही सहा नसलेली नऊ दानं स्वतःच खोडली. उरली सात. एकात दोन्ही सहा, सहांत एकेक. सात घरांत चौदा मुलं, त्यांतली आठ रुग्ण. निम्म्याहून जास्त!

दर चारात एकच आहे, आणि दवाखान्याच्या दारात बसलेल्या माणसाला मात्र चौदात आठ दिसतात. त्याची मोजणी चूक नाही, ती अटीतली मोजणी आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग १९१२ मध्येच याच्याशी झगडत होते. आनुवंशिक आजारांचे दर घराण्यांच्या नोंदींवरून काढताना हा फुगवटा कसा उतरवायचा, याची रीत त्यांनी दिली.

भाचीने खोडलेल्या नऊ दानांवर बोट ठेवलं. "ही नऊ घरं. यांच्यातही आईवडील दोघं वाहक आहेत. यांना कोण मोजतं?"

मी तिला सांगितलं की १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात सतरा राज्यांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती, आजारी असोत वा नसोत. शाळांत, गावांत जाऊन. "म्हणजे चाळणी न लावता," ती म्हणाली.

आईने तोवर पाट पसरला होता. मोकळा फासा तिच्या हातात होता आणि दोरे बांधलेले दोन ती मागत होती.